तगाद्याची फौजदारी

आमच्या व्यवसायातले एक ज्येष्ठ स्नेही हल्ली उद्योजकांच्या सभांमधून एकच मंत्र देत असतात: थकबाकी ही दिवाणी बाब आहे, तिच्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे कायद्याचा दुरुपयोग. टाळ्या पडतात. वाक्य चूक आहे असे मीही म्हणणार नाही. माझा आक्षेप टाळ्यांना आहे. त्या पुढच्या रांगांतून येतात, आणि पुढच्या रांगांत बिले थकवणारे बसतात. ज्याची बिले थकली आहेत तो भोसरीचा गाळेवाला मागे दाराशी उभा असतो, कारण दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला की नाही ते बघायला त्याला लवकर निघायचे असते. माझे बहुतेक अशील दाराशी उभे राहणाऱ्यांतले. तेव्हा हा लेख निःपक्षपाती आहे असा माझा दावा नाही.

स्नेह्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय आहे, हे आधीच कबूल करतो. २००६च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या निकालापासून न्यायालय हेच बजावते आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात त्याने पोलिसांची शिकवणीच घेतली: फसवणूक आणि विश्वासघात हे दोन गुन्हे एकाच व्यवहारात एकत्र नांदू शकत नाहीत. माल विकला की मालकी गेली. मग विश्वासाने सोपवलेले असे काय उरले? तर्क बिनतोड आहे. तरी चाकणपासून निगडीपर्यंत तक्रारअर्जांत ही दोन कलमे अजून जोडीनेच येतात.

नव्या संहितेनेही या गोंधळात भर घातली. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३)प्रमाणे, तीन वर्षे किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. साध्या विश्वासघाताला पाच वर्षे; तो या चाळणीत येतो. पैसे उकळणाऱ्या फसवणुकीला मात्र बरोबर सात वर्षे, ती चाळणीबाहेर. धंद्यातल्या भांडणाला सर्वांत जास्त लावले जाणारे कलमच नेमके सुटले. ललिताकुमारी खटल्याच्या २०१३च्या निकालाने व्यापारी प्रकरणांत चौकशीची मुभा दिली आहे, हे पोलिसांना सांगावे लागते. आमच्या फीचा बराचसा भाग त्या सांगण्याचाच असतो.

पण मला रेंगाळायचे आहे ते दुसऱ्याच एका निकालापाशी. शिखर केमिकल्सचे प्रकरण. ५२ लाखांवर किमतीचे सूत विकले, ४७ लाख ७५ हजार मिळाले, बाकी अडकली. विक्रेत्याने फौजदारी तक्रार केली, दंडाधिकाऱ्यांनी समन्स काढले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते रद्द करायला नकार दिला. कारण काय दिले? विक्रेता छोटा आहे, दिवाणी दाव्याला वर्षानुवर्षे लागतील, बुडालेल्या पैशामागे तो आणखी पैसे ओतत बसेल. ४ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालय या आदेशावर असे काही तुटून पडले की त्या न्यायमूर्तींकडून फौजदारी काम काढून घेण्याचेही निर्देश दिले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या विनंतीनंतर चार दिवसांत ते निर्देश मागे घेतले गेले. रद्द झालेला आदेश मात्र रद्दच राहिला.

आमच्या बाररूममध्ये त्या न्यायमूर्तींवर यथेच्छ विनोद झाले. मला हसू आले नाही. कायदा म्हणून त्यांचा आदेश टिकणारा नव्हताच. पण त्यात एक साक्ष होती: उच्च न्यायालयाच्या आसनावरून कोणीतरी लेखी म्हणाले की दिवाणी न्यायालयात छोट्या माणसाचे पैसे निघत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने निष्कर्ष खोडला. साक्ष खोटी आहे असे आकडे तरी म्हणत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयापुढे माहिती आली की देशात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून आहेत. दरखास्त म्हणजे निकाल लागल्यानंतरची अंमलबजावणी. खटला जिंकलेल्यांची ही रांग आहे, आणि तिच्यात पहिला नंबर महाराष्ट्राचा: ३ लाख ४१ हजार.

शिवाय राज्यसंस्था स्वतः काय करते? १ एप्रिल १९८९पासून न वटलेला चेक हा गुन्हा आहे. ही फौजदारी पोशाखातली दिवाणी वसुलीच, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०२१मध्ये मोहनराज प्रकरणात लांडग्याचे कातडे पांघरलेल्या मेंढीची उपमा देऊन मान्य केले. म्हणजे बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या यांच्यासाठी संसदेने केलेली फौजदारी ती सुधारणा, आणि गाळेवाल्याने केलेली ती दुरुपयोग. इथपर्यंत मी त्या बदनाम आदेशाच्या बाजूने उभा होतो, आणि लेख इथेच संपवला असता तर अशील खूश झाले असते.

अडचण झाली ती एल्फिन्स्टनमुळे.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९मध्ये जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात न्यायव्यवस्थेच्या प्रकरणात पंचायतीबरोबर त्याने तगाद्याकडेही लक्ष दिले आहे. दिवाणी हक्क वसूल करण्याचे ते या प्रांतातले रूढ साधन होते, आणि सरकार त्यात सहसा पडत नसे. साहेबाची नजर तिखट होती. तो लिहितो की ऋणको आपल्या बरोबरीचा किंवा खालचा असेल तर धनको त्याला घरात कोंडतो, जेवू देत नाही, उन्हात बसवतो. ऋणको वरचा असेल तर चाल बदलते: धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडतो, वाट अडवून विनवण्या करतो, अब्रूची आठवण देतो, शेवटी त्याच्या दारात स्वतः उपाशी बसतो. एकाच कर्जाचे दोन तगादे. रक्कम किती, यावर काहीच ठरत नाही. कोण कोणाच्या वर, यावर सगळे ठरते.

(देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा तुकोबांना वगळून चालायचे नाही. परंपरा सांगते की घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याची त्यांना देऊन टाकली. करार कायद्याच्या कलम ६३खाली पहिली कृती आजही निर्वेध ठरेल. कान्होबांनी आपल्या वाट्याची खते कशी वसूल केली, याबद्दल मात्र कीर्तनकार गप्प असतात. वकील म्हणून माझे कुतूहल तिथे जास्त.)

एल्फिन्स्टनचे पान वाचून मी आमच्या कार्यालयातल्या जुन्या फायली नव्या नजरेने चाळल्या, आणि माझा पक्ष ढासळला. आमच्याकडून पोलिसांत गेलेली धंद्याची तक्रार जवळजवळ नेहमी खालच्या किंवा बरोबरीच्या माणसाविरुद्ध असते. ठेकेदाराची मजूर पुरवणाऱ्याविरुद्ध. गाळेवाल्याची कुदळवाडीतल्या भंगारवाल्याविरुद्ध. जॉबवर्क देणाऱ्याची करणाऱ्याविरुद्ध. निघोजे-म्हाळुंग्यातल्या मोठ्या कारखान्याने चार महिने बिल अडवले म्हणून त्याच्या खरेदीप्रमुखावर गुन्हा नोंदवायला निघालेला पुरवठादार मी पाहिलेला नाही. कारण कायद्याचे नाही. त्याचे पुढच्या महिन्याचे शेड्यूल त्या माणसाच्या हातात असते; तक्रार केली की व्हेंडर कोड बंद. तो काय करतो? रिसेप्शनच्या सोफ्यावर बसतो. दिवाळीत सुक्यामेव्याचा डबा पाठवतो. ज्याचे पैसे अडकले त्याने ज्याने अडवले त्याला फराळ पाठवायचा, हा आपल्या पट्ट्यातला उंबऱ्यावरचा उपास.

म्हणजे उत्तर प्रदेशच्या त्या न्यायमूर्तींची कणव खरी होती, पण ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत ती पोचणारी नव्हती. थकबाकीला फौजदारीची वाट मोकळी केली तर गाळेवाला ती वर चढणार नाही. त्याच्या वरचे मात्र त्याच वाटेने खाली उतरतील. अर्धा माल रिजेक्शनमध्ये गेला की आगाऊ रकमेबद्दल त्याच्यावरच फसवणुकीचा गुन्हा. असा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी लागणारे वजन कोणाकडे असते, हे चाकणच्या तळेगाव चौकातला चहावालाही सांगेल.

मग स्नेह्यांचेच खरे ठरले का? अर्धेच. कारण पोलिसांत जाऊ नका म्हणणाऱ्याने कुठे जा तेही सांगायला हवे, आणि तिथे त्यांचे भाषण संपते. कागदावर लहान उद्योगांसाठीचा २००६चा कायदा असा कडक आहे की वाचताना धनकोला कुबेर झाल्यासारखे वाटावे. ४५ दिवसांत पैसे; नाहीतर बँकदराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असे धरायचे, म्हणजे चार महिन्यांनी उगवणाऱ्या डेबिट नोटा निकालात. सुलभीकरण परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यायचा. त्याला आव्हान द्यायचे तर ७५ टक्के रक्कम आधी भरायची. दर्जेदार कायदा. तो वापरणारे माझ्याकडे येतात ते बहुतेक धंदा गुंडाळल्यावर किंवा व्हेंडर कोड गेल्यावर, कारण तेव्हा गमावण्यासारखे काही उरलेले नसते. व्यापारी न्यायालयात जायचे तर, तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तेव्हा आधी मध्यस्थी. पाटील ऑटोमेशनच्या २०२२च्या निकालाने ती सक्तीची केली. मध्यस्थीला माझा विरोध नाही, पण समोरची कंपनी तिथे फिरकलीच नाही तर हाती येतो तो फक्त ती फिरकली नाही याचा दाखला.

निकाल मिळाल्यानंतरची कथा तर न्यारीच. २०१८पासून चाकणचे पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, न्यायालय मात्र राजगुरुनगरचे. जप्तीचा हुकूम घेऊन तिथून निघालेला बेलीफ वाहतूक कोंडीतून कारखान्याच्या फाटकाशी पोचतो तेव्हा सुरक्षारक्षक त्याला विचारतो, अपॉइंटमेंट आहे का. न्यायालयाच्या हुकमाला व्हिजिटर पास लागतो.

इथे काही मंडळी म्हणतात, दिवाणी यंत्रणेला जास्त दात नकोत. याच पुणे जिल्ह्यात १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली ती दिवाणी न्यायालये एकतर्फी हुकूमनामे भराभर देत होती म्हणूनही. आठवण योग्य आहे. पण तेव्हा हुकूमनामा गरिबाच्या बैलांवर चालून जात होता. आज तो श्रीमंताच्या फाटकाशी ताटकळतो.

आणि दात नाहीत असेही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१खाली देणेकऱ्याला आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायला भाग पाडता येते, आणि हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवता येते. नियम ४६-अ खाली त्याला तिसऱ्याकडून येणे असलेली रक्कम परस्पर वळवता येते. एकमेकांच्या उधारीवर चालणाऱ्या या पट्ट्यात याहून उपयोगी नियम कोणता? कैदेचा धाक वाटत असेल त्यांच्यासाठी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८०मध्येच जॉली जॉर्ज वर्गीसच्या प्रकरणात रेघ ओढून ठेवली आहे: ज्याच्याकडे नाही त्याला तुरुंगात टाकता येणार नाही, ज्याच्याकडे आहे आणि जो लबाडीने देत नाही त्याची गोष्ट वेगळी. पोलीस ठाण्यात ही रेघ ओढली जाण्याची सोय नाही, कारण तिथे कोणी ताळेबंद मागत नाही. दिवाणी न्यायालयात तो मागता येतो. आमच्या कार्यालयातून आता प्रत्येक दरखास्तीसोबत नियम ४१चा अर्ज जातो. पहिल्या तारखेला समोरचे वकील बहुधा संहिता उघडून बघतात, असा नियम खरोखर आहे का.