शिक्षा न झालेले पाप

दुष्टाला शेवटी शासन झाल्याशिवाय आपल्या मनाचे समाधान होत नाही. कीर्तनातल्या आख्यानांवर पोसलेले आपले मन कलाकृतीतही न्याय मागते. बर्त्रां ब्लिए या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७४ साली स्वतःच्याच कादंबरीवरून काढलेला ‘ले व्हाल्सोज’ हा चित्रपट ही मागणी सरळ धुडकावतो. शीर्षकाचा वरवरचा अर्थ ‘वॉल्ट्झ नाचणाऱ्या’. गल्लीतल्या फ्रेंचमध्ये मात्र तो पुरुषी अवयवाचा ग्राम्य उल्लेख आहे. इंग्रजीत त्याचे ‘गोइंग प्लेसेस’ झाले आणि शिवी वाटेतच गळाली. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्याला असली गळती नवी नाही.

जाँ-क्लोद आणि पिएरो हे दोन उडाणटप्पू. बाईची पर्स हिसकावावी, कुणाची तरी मोटार पळवावी, मारी-आँज नावाच्या मुलीला सामानासारखे बरोबर वागवावे, हा त्यांचा दिनक्रम. जेरार देपार्दिय आणि पात्रिक देवेर यांनी तो इतक्या मजेत रंगवला, स्तेफान ग्रापेलींच्या व्हायोलिनने त्याला अशी लय दिली, की प्रेक्षक हसत राहतो. फ्रान्समध्ये पन्नास लाखांहून अधिक तिकिटे खपली आणि वादही तेवढाच पेटला.

अखेरीस त्यांना शिक्षा होत नाही, हा मुख्य आक्षेप. मला तो लंगडा वाटतो. जगात कितीतरी पापे पचतात. ती पचलेली दाखवणे हे खोटे नव्हे. आपल्याकडे १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर काहूर उठले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेंडुलकरांनी सखारामला सोज्वळ केले नाही, म्हणून ते नाटक अनैतिक ठरत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. आगगाडीच्या डब्यात एक तरुण आई बाळाला पाजत असते. हे दोघे तिला घेरतात, पैसे देऊ करतात, अंगचटीला येतात. तिचा चेहरा भीतीने पांढरा पडतो. इथवर कॅमेरा प्रामाणिक आहे. मग हळूहळू त्याच भीतीतून तिला सुख वाटू लागल्याचे दाखवले जाते. इथे चित्रपट खोटे बोलतो. गुन्हेगाराला मोकळे सोडणे वेगळे आणि जिच्यावर अन्याय झाला तिच्याच तोंडून संमती वदवून घेणे वेगळे.

तोच दिग्दर्शक दुसरीकडे खरे बोलतो. तुरुंगातून सुटलेली प्रौढ स्त्री झान मोरोने उभी केली आहे. दोघे तिला हेरतात, तिच्याबरोबर रात्र काढतात. पहाटे ती स्वतःवर गोळी झाडते. ते पहिल्यांदाच भेदरतात, प्रेक्षागृहातले हसू विरते. कुठलाही उपदेश नाही, पण तिचे दुःख तिचेच राहते.

२०२५ च्या मे महिन्यात पॅरिसच्या न्यायालयाने दुसऱ्याच एका चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान दोन स्त्रियांशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल देपार्दियला दोषी ठरवले. आरोप नाकारून त्याने अपील केले. त्या निकालाने अर्धशतकापूर्वीच्या पात्राचा निवाडा होत नाही, व्हायलाही नको. डब्यातल्या त्या प्रसंगातला दोष पडद्यावर पहिल्या दिवसापासून होताच.

म्हणून बंदी मागण्यापेक्षा एक साधी कसोटी मला पुरेशी वाटते. वगातला द्वयर्थी विनोद असो की परदेशी चित्रपट, हसू फुटले की पाहावे: ज्याच्या जिवावर आपण हसतो आहोत, त्याचा चेहरा आपल्याला दिसू दिला आहे का?