समोरची मोकळी जागा

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. साताऱ्याकडून आलेला भरलेला ट्रक या उतारावर आपल्याच वजनाने पळतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री इथे ताबा सुटलेल्या एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. त्यानंतरही या उतारावर माणसं गेली. दर वेळी चर्चा होते ती रस्त्याच्या उताराची आणि ड्रायव्हरच्या बेफिकिरीची. ती व्हायलाच हवी. पण त्या ट्रकच्या पुढे, मागे आणि बाजूला आपणही गाडी चालवत असतो, आणि आपल्या वागण्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

दहा चाकी ट्रकचं मालासकट वजन कायद्यानुसार साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असू शकतं. आपली छोटी मोटार टनाच्या आतबाहेर. ताशी ६० किलोमीटरला कोणतंही वाहन सेकंदाला जवळपास सतरा मीटर पुढे सरकतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पाय दाबल्यावर तो दाब नळ्यांमधून प्रत्येक चाकापर्यंत पोचायला क्षणभर जातो, आणि मग एवढं वजन थांबवायचं काम सुरू होतं. घाटात तर ब्रेक सारखे दाबले की ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर नव्या पोरांना शिकवतात की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. जो न्यूट्रल टाकून उतरतो तो डिझेल वाचवत असतो. बऱ्याच ठिकाणी खेपेला डिझेल ठरवून दिलेलं असतं आणि वाचेल ते त्याचं. चार पैशांसाठी दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याचं समर्थन मी करणार नाही. फक्त तो मोह कुठून येतो हे आपल्याला माहीत असावं.

आता बोरघाट उतरणारा शहाणा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. तो खालच्या गिअरमध्ये आहे, डाव्या लेनमध्ये आहे, आणि पुढच्या गाडीपासून त्याने चांगलं लांब अंतर राखलं आहे. आपल्याला ते अंतर म्हणजे मोकळी जागा वाटते. आपण उजवीकडून येतो, त्याच्या नाकासमोर गाडी घालतो आणि पुढे गर्दी दिसली की ब्रेक मारतो. आपला ब्रेक लागतो, गाडी थांबते. त्याने मेहनतीने राखलेलं अंतर मात्र आपण एका झटक्यात खाऊन टाकलेलं असतं. ते अंतर हाच त्याचा ब्रेक होता. तो पुन्हा मागे राहून अंतर तयार करतो, तेवढ्यात दुसरी मोटार त्यात शिरते. सणासुदीच्या सुट्टीला बोरघाटात हे दिवसभर चाललेलं असतं, आणि घुसणाऱ्यांपैकी एकालाही आपण काही वावगं केलं असं वाटत नाही. मला यातली सगळ्यात गंभीर बाब हीच वाटते. नियम मोडतो आहोत हे ठाऊक असलेल्या माणसाला निदान दटावता येतं.

शहरात धोका वेगाचा नसतो, नजरेचा असतो. डंपर किंवा काँक्रीटचा मिक्सर सिग्नलला उभा असतो. त्याच्या डाव्या अंगाने एका आईची दुचाकी सरकत पुढे येते, मागे दप्तर पाठीवर घेतलेलं मूल. केबिन इतकी उंच की डाव्या दाराला चिकटून उभी असलेली ती दुचाकी ड्रायव्हरला दिसत नाही. बंपरच्या अगदी पुढ्यात उभा असलेला माणूसही दिसत नाही. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. त्या आतल्या जागेत ती आई आणि ते मूल असतं. पूर्वी डाव्या बाजूला क्लीनर असायचा. दारावर थाप मारून, हात बाहेर काढून तो ‘थांब, थांब’ ओरडायचा. खर्च वाचवायला आता अनेक गाड्यांवर क्लीनर नसतो, म्हणजे ड्रायव्हरचा डावा डोळाच गेला. त्याच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, एवढं घरातल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला सांगून ठेवा. डावीकडून पुढे जायचंच नाही. वळणाऱ्या ट्रकच्या मागे थांबायचं. शाळेला दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. मोठ्याने लहानाला सांभाळायचं, ही आपली रीत. मग दुचाकीवाल्याने ट्रकला का सांभाळावं? रस्त्यावर हक्क सगळ्यांचा सारखा, मग माघार दुबळ्यानेच का घ्यायची? मीही यावर बराच विचार केला. माझं मत असं झालं आहे की कर्तव्य बळाबरोबर येतं हे खरंच, पण बळ कोणाकडे आहे ते त्या क्षणाला पाहावं लागतं. अडीच टन असो वा अठ्ठावीस, उतारावरच्या वजनाला बळ म्हणता येत नाही. थांबता येणं, वळता येणं, दिसणं हे बळ, आणि त्या क्षणी ते आपल्याकडे असतं. चूक कोणाची हा प्रश्न अपघातानंतर न्यायालय ठरवेल. अपघाताआधीचा प्रश्न एवढाच असतो की तो टाळणं आत्ता कोणाला शक्य आहे.

याचा अर्थ ट्रकवाल्यांना माफी, असा कोणी घेऊ नये. १५ ऑक्टोबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर मिनीबस आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. वेगाच्या रस्त्यावर अंधारात उभा असलेला ट्रक हा मृत्यूच आहे, मग तो कोणीही, कोणत्याही कारणाने उभा केलेला असो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर येतात. कित्येकांना मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो किंवा उसाच्या मोळ्यांआड गेलेला असतो. मागून येणाऱ्या दुचाकीला ते धूड थेट समोर आल्यावरच दिसतं. तिथे त्या दुचाकीस्वाराने काय सांभाळायचं होतं? ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावल्याशिवाय कारखान्याने ऊस काट्यावर घेऊ नये, इतकं साधं बंधन पुरेसं आहे. रिफ्लेक्टरच्या पट्टीला फार पैसे पडत नाहीत.

आणि ड्रायव्हरची झोप. मोटार वाहतूक कामगारांचं काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास, असं १९६१ च्या कायद्यानेच लिहून ठेवलं. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांसाठी होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता. ट्रकच्या केबिनला एसीची सक्ती व्हायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला, तीही नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. चाळीस-बेचाळीस अंशांत जळगाव-भुसावळहून निघून पहाटे वाशी गाठणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आपण सगळे विसंबून असतो. आपल्या दारात सकाळी भाजी येते ती त्याच्या जागरणावर. एसटीच्या ड्रायव्हरला आपण ‘मामा’ म्हणतो, ‘काका’ म्हणतो. ट्रकवाल्याला ‘ए’ म्हणतो.

अपघात झाला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. चूक कोणाची हे कळायच्या आत जमाव केबिनचं दार उघडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यावेत असं म्हटलं आहे, आणि जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूट दिली आहे. कायदा करणाऱ्यांनासुद्धा आपली खात्री वाटली नाही. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली, राज्यभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारेल, हे त्यांचं म्हणणं होतं. पळून जाणं गुन्हाच आहे. पण आपण मारणार नाही याची हमी त्याला आपल्याशिवाय कोण देणार? तो पळतो तेव्हा रस्त्यावर पडलेल्या माणसाची महत्त्वाची मिनिटं वाया जातात. तो माणूस आपल्यातलाच असतो.

म्हणून वाचकांना कळकळीची विनंती आहे. अपघात दिसला तर आधी १०८ ला फोन लावा, जखमीजवळ बसा, आणि ड्रायव्हरवर कोणी हात उचलत असेल तर मध्ये उभे राहा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. पोलीस किंवा रुग्णालय त्याला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही.