आधी पाय, मग डोकं

टांझानियातल्या लेटोली इथं सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीची राख पडली, वर पावसाची हलकी सर आली आणि त्या ओल्या राखेवरून कुणीतरी चालत गेलं. पुढं राख सिमेंटसारखी घट्ट झाली. १९७८ साली संशोधक मेरी लीकी यांच्या चमूला ती पावलं सापडली. टाच खोल रुतलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत; चिंपांझीसारखा बाजूला फाकलेला नाही. चाल जवळजवळ आपलीच. त्या चालणाऱ्यांचा मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. बुद्धीचा तोरा आपण उगाच मिरवतो, आधी सुधारले ते पाय! एका मोठ्या ठशात तर दुसऱ्या कुणाचं पाऊल पडलंय. तो मागून चालणारा नेमका कोण, यावर अभ्यासकांचे तर्क अजून चालूच आहेत.