खाल्ले मीठ

हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर पाटणचेरू येते. १९८४ ते २०१२ अशी अठ्ठावीस वर्षे मी तिथल्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काढली. रात्री वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, हे आमच्या मुलांना सांगावे लागत नसे. पाहुणे नाकाला रुमाल लावत. आम्ही हसून म्हणायचो, "हा आमच्या पगाराचा वास!"

त्या हसण्यातला निर्लज्जपणा फार उशिरा कळला.

खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपल्या घरांतून मिळालेले बाळकडू. माझे आजोबा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचे. निजामी अमलात कारकुनीसाठी हैदराबादेत आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडेच राहिलो. मालक निजाम असो की शेठ, त्याच्या अन्नाशी इमान राखायचे हा त्यांचा धर्म. मांजरा नदी त्यांच्याच तालुक्यात उगम पावते, आणि बीदरकडून वळून पाटणचेरूच्या परिसरात येते. इथे तिला मिळतो नक्कवागू. तेलुगूत नक्क म्हणजे कोल्हा, वागू म्हणजे ओढा. सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि कोल्ह्याच्या ओढ्यात कोल्हाही तोंड घालीना. गंमत अशी की याच रस्त्यावर १९७२ पासून 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या कुंपणाआड तुरीचे नवे वाण वाढत होते आणि काही मैलांवर ओढ्याकाठचे भात करपत होते.

१९९० साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर दोनएक वर्षांनी ओढ्याकाठच्या गावातला एक शेतकरी माझ्या दारी आला. आमच्या घरी दूध घालायचा, म्हणून ओळख. हातात बाटली. "सारू, माझ्या विहिरीचं पाणी तपासून द्या. दोन म्हशी गेल्या."

मी पाणी तपासले. पिण्याच्या पाण्यात, दुसरी सोयच नसेल तर, लिटरमागे २००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालवून घ्यावेत अशी मर्यादा आहे. त्याच्या बाटलीत दुपटीहून जास्त निघाले. साहेबांना कागद दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, आपल्या खिशात ठेवला. "तुम्ही हे तपासलेलंच नाही," एवढेच म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी मी शेतकऱ्याला सांगितले, "अन्ना, हे पाणी जनावरांना देऊ नका. तुम्हीही पिऊ नका."

"ते मला कळतं, सारू. भरपाईसाठी कागद लागतो. लिहून द्या."

मी लिहून दिले नाही.

खोटे बोललो नाही, हे माझे समाधान. कित्येक वर्षे पुरले. पण त्याला खरे आधीच ठाऊक होते, त्याच्या म्हशींनी सांगितले होते. त्याला हवी होती माझी सही. जे सत्य बोलायला मला काही पडत नव्हते ते मी दिले, आणि ज्याची किंमत पडली असती ते ठेवून घेतले. याला सत्य म्हणावे का?

भीष्म-द्रोणांनी कौरवांच्या अन्नाचे कारण पुढे केले, तेच मीही केले. त्यात एक चूक आहे. पगार म्हणजे उपकार नव्हे. महिनाभर काम केले, पहिल्या तारखेला हिशेब मिटला. ज्याचा हिशेब मिटत नव्हता तो हा माणूस. त्याच्या विहिरीत उतरणाऱ्या पाण्यावर माझ्या मुलीची फी निघत होती. आमच्या नळाला मांजरेचे शुद्ध केलेले पाणी येई. मीठ मी त्याचेही खात होतो, आणि तो माझे पीत होता.

तरीही कारखान्याला सरसकट शिव्या देणे मला जमत नाही. तिथली गोळी स्वस्त होती आणि तिने माणसे वाचवली, हे मी पाहिले आहे. गोळी गिळून पाटणचेरूच्या नावाने नाक मुरडणाऱ्या शहरी माणसांविषयी मला फारसा आदर नाही. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वदएक कारखान्यांचे सांडपाणी जिथे शुद्ध होते, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. ते औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते. अशा पाण्यात जे जंतू तगतात ते औषधाला दाद देईनासे होतात. आमच्याकडेही ते बनायचे. त्याच्या शुद्धतेच्या दाखल्यांवर मी बिनदिक्कत सह्या केल्या होत्या. पुढे अठरा किलोमीटरची नळवाहिनी घालून ते सांडपाणी हैदराबादेत अंबरपेठला, मुसी नदीकडे वळवले. ओढ्याची तक्रार काहीशी निवली. पाणी दुसऱ्यांच्या दारी गेले.

शेतकऱ्याला थोडीफार भरपाई मिळाली असे कळले. माझ्या कागदाशिवायच मिळाली. पुढे त्याने जमीन विकली, आणि मी शब्द टाकला म्हणून त्याचा मुलगा आमच्या कारखान्यात लागला. आता त्या घरीही तेच मीठ गेले.

मुलगा लागला त्या आठवड्यात तो टोपलीभर सीताफळे घेऊन आला. "शेवटच्या झाडाची, सारू." पत्नीने चहा केला. तो गेल्यावर तिने विचारले, "अहो, झाड विहिरीजवळचं का हो?" मी म्हटले, "असेल."

आम्ही ती खाल्ली नाहीत. दुसऱ्या दिवशी कामवालीने विचारले, तेव्हा तिला देऊन टाकली. काही बोललो नाही. तिचे घर ओढ्याकडेच होते.