अंतरपाटापुढचे मौन

प्रत्येक घराण्यात एक वडीलधारे काका असतात. कुणाचेही स्थळ असो, काकांनी आपले मत दिलेलेच असते. समजा, हेच काका अंतरपाट धरल्यावर म्हणाले, 'यापुढे मी कुणाच्याच लग्नाविषयी मत देणार नाही!' तत्त्व म्हणून यात गैर काय? पण मांडवात कुजबूज व्हायचीच. काकांना स्थळ पसंत नाही, की कुणाची भीड पडली?

२०२४ साली अमेरिकेत असेच घडले. तिकडची काही वृत्तपत्रे अमुक उमेदवाराला मत द्या, असे अग्रलेखातून उघड सांगतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने १८६० साली लिंकनचा पुरस्कार केला होता. त्या वर्षी त्याने ३० सप्टेंबरलाच कमला हॅरिस यांची बाजू घेतली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने मात्र २५ ऑक्टोबरला जाहीर केले की, अध्यक्षपदासाठी यंदा आणि यापुढेही आम्ही कुणाचाच पुरस्कार करणार नाही. निवडणूक ५ नोव्हेंबरला, म्हणजे अकरा दिवसांवर! अनेक राज्यांत तर लोक मते देऊनही मोकळे होत होते. काही दिवसांतच अडीच लाख वर्गणीदारांनी पत्र सोडल्याची बातमी आली. मालक जेफ बेझोस यांनी लेख लिहून निर्णयाचे समर्थन केले. पण हा बदल आधीच करायला हवा होता, हेही त्यांनी कबूल केले.

कुणी म्हणेल, तत्त्वाला कसला आला मुहूर्त? दोन आणि दोन चार मध्यरात्रीही चारच! खरे आहे. पण सल्ला म्हणजे गणित नव्हे. मतदानाच्या आदल्या दिवशी दिलेल्या सल्ल्याला उलट उत्तर द्यायला वाचकाला अवधीच उरत नाही. मौनाचेही तसेच. आपला नियम कुणाच्या पथ्यावर पडणार, हे ठाऊक नसताना केला, तर तो नियम. ते दिसू लागल्यावर केला, तर हेतू कितीही शुद्ध असो, लोक त्याला कौलच समजणार. आणि लोकांचा विश्वास हेच ज्याचे भांडवल, त्याला 'माझे मन स्वच्छ होते' एवढे म्हणून कसे भागेल?

काकांनी हेच गेल्या दिवाळीत, घरात कुणाचेच स्थळ चालून आलेले नसताना, फराळाच्या ताटावर सांगितले असते, तर आम्ही चकलीचा तुकडा मोडत म्हटले असते, 'बरोबर आहे, काका!'