उसना शब्द आणि स्वतःची वाणी

गावात दवंडी पिटणाऱ्यावर सारा वाढल्याचा राग कोणी काढीत नसे. हलगी त्याच्या हातची, आवाज त्याच्या गळ्यातला, परंतु हुकूम सरकारचा, हे लहान पोरासही ठाऊक असे. मग दूरचित्रवाणीवर बातम्या वाचणाऱ्या निवेदकास तरी अधिक जबाबदार का धरावे? लिहिणारा निराळा, तपासणारा निराळा. हा केवळ वाचणारा. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, परंतु तो तसा नाही, असे आम्हांस वाटते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथील आरंभीच्या काळातील निवेदिकांत स्मिता पाटील व भक्ती बर्वे होत्या. पुढे दोघींसही अभिनयाने कीर्ती दिली. प्रदीप भिडे यांनी मात्र सुमारे चार दशके बातम्याच वाचल्या. ७ जून २०२२ रोजी ते निवर्तले, तेव्हा ज्यांनी त्यांस कधी समक्ष पाहिले नव्हते अशांसही घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःचे मत पडद्यावर मांडले नाही. मिळविला तो विश्वास. स्पष्ट उच्चार, संथ स्वर आणि संयम एवढ्याच भांडवलावर तो मिळालेला होता.

दवंडीवाला व निवेदक यांच्यातील भेद येथेच आहे. दवंडीवाल्याच्या शब्दाला वजन असते ते हुकमाचे. निवेदकाच्या शब्दाला त्याचे स्वतःचेही वजन येते. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी दिल्लीत इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी नभोवाणीने त्यांच्या मृत्यूची वार्ता आधीच दिली होती. दूरदर्शनवर ती सलमा सुलतान यांच्या मुखातून आली ती सायंकाळी. विलंबाचा निर्णय वाचणाऱ्या बाईंचा नव्हता, आणि त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, सरकारी चाळणीतून उतरलेला मजकूर ज्या ज्या विश्वासू मुखांतून घरोघर पोचला, त्यांचा त्यात काहीच अंश नव्हता, असे म्हणण्यास मन धजत नाही.

कोणी म्हणेल, पोटासाठी चाकरी करणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कशाला? यावर आमच्या परभणी जिल्ह्यातील दोन गोष्टी सांगतो. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तेथे कीर्तनास उभा राहणारा बुवाही दुसऱ्याचाच शब्द उच्चारतो. तरी अभंगाविरुद्ध वागणारा बुवा दिसला, तर ‘शब्द माझा नव्हता’ ही त्याची सबब श्रोते ऐकून घेत नाहीत. दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. मृगाच्या तोंडावर तो बातम्या ऐकून पेरणीचा बेत करतो. पाऊस फसला तर हवामान खात्याचे नाव तो घेत नाही. ‘बातम्यांत सांगितले होते’ एवढेच म्हणतो. त्याने बियाणे मातीत टाकले ते त्या आवाजाच्या भरवशावर.

म्हणून आमचा निर्णय असा. अंदाज चुकणे हा दोष नव्हे. अजाणता वाचलेली चूकही क्षम्य आहे, मात्र ती ज्या ठसक्याने सांगितली त्याच ठसक्याने दुरुस्त झाली पाहिजे. खोटे आहे हे जाणूनही जो ते विश्वासाच्या स्वरात वाचतो, तो उसन्या शब्दामागे लपू शकत नाही. कारण शब्द उसना असला तरी विश्वास त्याने आपल्या पदरचा घातलेला असतो. तसा प्रसंग आल्यास वाचण्याचे नाकारणे हेच त्याचे कर्तव्य, मग त्यात चाकरी गेली तरी. हे सांगणे सोपे व करणे कठीण, याची आम्हांस जाणीव आहे.

आणि हा न्याय निवेदकापुरताच कशास? ‘लोक असे म्हणतात’ या शब्दांआड उभे राहून आपणही रोज कित्येक वार्ता शेजारच्या ओसरीवर नेऊन पोचवितो. ऐकणारा तेथे विश्वास ठेवतो तो लोकांवर नव्हे, आपल्यावर. वाणी उघडण्यापूर्वी एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ झाले.