वाट विचारणाऱ्याला

पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये आणि वाट विचारणाऱ्याला चकवू नये, या दोन गोष्टी आमच्या वाडीत कुणी मुद्दाम शिकवत नसे. त्या अंगातच असायच्या. दारावरून जाणारा मुंबईचा चाकरमानी असो, वरून उतरलेला धनगर असो, की चुकलेला कुणी परका, आई आधी पाण्याचा तांब्या पुढे करी आणि आबा अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन वाट दाखवीत. नुसतं बोट दाखवून ते थांबत नसत. "त्या आंब्यापाशी दोन वाटा फुटतील. डावीकडची गुरांची हाय, ती धरू नका," असं पार शेवटपर्यंत सांगत. अशा माणसानं एकदा वाट विचारणाऱ्याला सरळ खोटं सांगितलं. त्याला आता तीस वर्षं झाली. ते बरोबर केलं की चूक, हा हिशेब माझा अजून पुरता लागलेला नाही.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, ढवळी नदीच्या खोऱ्यात. एका अंगाला चंद्रगड, आणि मागं महाबळेश्वरच्या पठाराची भिंत. ऑर्थर सीटच्या कठड्याशी उभं राहून लोक ज्या दरीचे फोटो काढतात, त्या दरीच्या तळाशी आम्ही राहतो. वर आणि खाली यांत हजार मीटरहून जास्त अंतर आहे. वर जायला ढवळे घाटाची जुनी वाट आहे, बहिरीच्या घुमटीवरून जाणारी. ती लांबची, दम काढणारी, पण रानातून जाते. आणि दुसरी, जिला वाट म्हणायचं की नाही असा प्रश्न पडावा, ती नाळेची.

नाळ म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली खोल, अरुंद चीर. पावसाळ्यात ती पाण्याची वाट, उन्हाळ्यात माणसाची. तळाला घराएवढे धोंडे, दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधेच एखादा कोंड, ज्याचा तळ आम्ही कधी पाहिला नाही. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. ऊन फक्त मध्यान्हीला उतरतं. लहानपणी आम्ही खेकडे पकडायला नाळेच्या तोंडाशी जायचो. आत दोन-चार धोंडे चढून गेलं की बाहेरचं सगळं बंद व्हायचं. फक्त पाण्याचा आवाज आणि गारवा. मी पुढे मुंबईत राहिलो, देवळं पाहिली, मोठमोठ्या इमारती पाहिल्या, पण त्या गारव्यासारखी शांतता दुसरीकडे मिळाली नाही.

त्या नाळेचा एक स्वभाव आहे. तो खाली उभं राहून कळत नाही. आमच्या डोक्यावर ऊन असतं आणि त्याच वेळी वर महाबळेश्वरला पाऊस कोसळत असतो. पठारावरचं पाणी कड्याशी येतं, जिथं चीर मिळेल तिथं घुसतं, आणि अरुंद जागेत ते पसरत नाही, उंच होतं. घोट्याएवढं पाणी पाहता पाहता छातीला लागतं. जाणत्या माणसाला आधी खुणा कळतात. निवळ पाणी गढूळ होतं, वाहत्या पाण्यात ओली पानं आणि काटक्या यायला लागतात, नाळेतून वाऱ्याचा एक गार झोत येतो. ती खूण कळली की वर बघायचं नाही, सामान गोळा करायचं नाही, बाजूला चढायचं. ज्याला कळत नाही, तो पाणी कुठून वाढलं हे बघत उभा राहतो.

1994 च्या श्रावणात पुण्याकडची तीन कॉलेजची पोरं वाडीत आली. पाठीवर पिशव्या, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांना नाळेनं वर जायचं होतं. कुणी तरी त्यांना सांगितलं होतं की ती वाट फार देखणी आहे. सांगणारा खोटं बोलला नव्हता. आबांनी पोरांकडे पाहिलं, वर डोंगराच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं ढगात होतं. मग शांतपणे म्हणाले, "नाळ मोडली, पोरांनो. दरड आलीय. घुमटीवरनं जावा."

दरड आली नव्हती. आदल्या दिवशीच आम्ही खेकडे आणले होते. पोरं हिरमुसली, पण गेली घाटाच्या वाटेनं. मी तेव्हा नववीत होतो. गुरुजींनी नुकतीच धर्मराजाची गोष्ट सांगितली होती, अश्वत्थाम्याबद्दल अर्धं खोटं बोलल्यावर त्याचा रथ जमिनीला टेकला ती. मी आबांना विचारलं, "खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठं?" आबा म्हणाले. "उद्याचं आज सांगितलं."

या गोष्टीत आता नाळेला लोंढा आला आणि पोरं वाचली, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी लोंढा आलाच नाही. संध्याकाळी ढगही उठले. पोरं नाळेनं गेली असती तर बहुधा सुखरूप वर पोचली असती आणि आयुष्यभर सांगत बसली असती की असं आम्ही दुसरं काही पाहिलं नाही. आबांनी त्यांचा तो दिवस काढून घेतला. कुणी अधिकार दिला होता? नाळ काही आमच्या सातबाऱ्यावर नव्हती.

हा प्रश्न माझ्या मनात राहिला. म्हणून मुंबईची नोकरी सोडून मी परत गावी आलो आणि डोंगर बघायला येणाऱ्यांचं जेवण, मुक्काम, वाटाड्याचं काम बघायला लागलो, तेव्हा मी ठरवलं की खोटं सांगायचं नाही. माणूस सज्ञान आहे, त्याला सगळं खरं सांगावं, धोका सांगावा, पुढचं त्याचं त्यानं ठरवावं. शहरात राहून मला हे शहाणपण आलं होतं आणि आजही ते मला अगदीच चुकीचं वाटत नाही.

2013 च्या ऑगस्टात सहा जणांचा एक गट आला. दोर होते, हेल्मेट होती, माणसं सभ्य होती. मी त्यांना पाण्याचं सांगितलं, खुणा सांगितल्या, आज जाऊ नका असंही सांगितलं. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "काका, आम्ही आमच्या जबाबदारीवर जातोय." मी वाट सांगितली. अगदी आबांसारखी, कुठल्या धोंड्याला कुठून वळसा घालायचा इथपर्यंत.

दुपारी दोनला नाळ बोलायला लागली. चारला त्यांच्यातले दोघं ओरडत वाडीत आले. एकाचा पाय धोंड्यात अडकून मोडला होता आणि बाकीचे त्याला धरून एका कपारीत बसले होते. वाडीत तेव्हा पुरुष किती? तरुण पोरं मुंबईला, सुरतेला. राहिलेल्यांत मी, माझा चुलतभाऊ आणि आणखी पाच जण. आबा ओट्यावर होते, ऐंशीला आलेले. त्यांनी काहीच विचारलं नाही. "दोन बॅटऱ्या घे, आणि घोंगडी," एवढंच म्हणाले. घोंगडीची डोली करून पहाटे तीनला आम्ही त्या पोराला खाली आणलं. पोरगा वाचला. पण पाणी ओलांडताना माझ्या चुलतभावाचा गुडघा दगडावर असा आपटला की तो पुन्हा पहिल्यासारखा वाकला नाही. त्या साली त्याची भाताची बेणणी दुसऱ्यांनी केली. पुढच्या साली त्यानं अर्धं शेत पड ठेवलं.

गटातली माणसं कृतघ्न नव्हती. दवाखान्याचा खर्च त्यांनी दिला, पुढे दोनदा भेटायलाही आली. पण 'आमच्या जबाबदारीवर' हा शब्द त्या रात्रीपासून मला पोकळ वाटतो. दरीत उतरणारा एकटा उतरत नाही. तो अडकला तर ज्याला झोपेतून उठून जावं लागतं, तो माणूसही त्याच्याबरोबर उतरलेला असतो, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. माझ्या चुलतभावाला कुणी विचारलं होतं? त्याच्या गुडघ्याची जबाबदारी कुणी घेतली होती? खरं म्हणजे मी घेतली होती, वाट सांगताना. पण मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं.

मग दरी बघायला येऊच नये का? असं म्हणणारे आमच्यात आहेत. "कामधंदे नसलेली माणसं," म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्याच शेजारच्या महाड तालुक्यात शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध सांगायला जागा निवडली ती धबधब्यामागची, डोंगराच्या पोटातली घळ. ती काय फक्त अडोसा म्हणून? आणि ज्याच्या नावानं ऑर्थर सीट आहे, त्या मॅलेट नावाच्या इंग्रज साहेबाची बायको आणि तान्ही मुलगी 1853 साली बाणकोटच्या खाडीत, म्हणजे सावित्रीच्या मुखाशी बुडाली. तो वर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राहायचा, असं सांगतात. दरीकडे बघावंसं वाटणं ही रिकामटेकड्यांची खोड नाही. माणसाला कशासाठी तरी ती लागते.

आणखी एक गोष्ट मला गप्प करते. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एकच माणूस वाचला, तो वर चढून आला म्हणून जगाला कळलं. त्या दरीत दोर टाकून भर पावसात कोण उतरलं? महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडची डोंगरात हिंडणारी पोरं. दोर बांधायला ती कुठं शिकली होती? हौसेनं कडे उतरताना. ज्या हौसेला आम्ही नावं ठेवतो, तिनंच त्या दिवशी लोकांची माणसं वर आणून त्यांच्या घरच्यांच्या हवाली केली.

आणि धोका काय फक्त हौशी माणसालाच असतो? 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. ती कुठं दरी बघायला गेली नव्हती. आपापल्या घरी, दारी होती. त्याच पावसात आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडीला आणि केवनाळ्याला दरडी आल्या. वर महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. त्या रात्री आम्ही सगळे जागे होतो, नाळेचा आवाज ऐकत. तेव्हा मला वाटलं, कुणीतरी येऊन आम्हाला खोटं का होईना, पण सांगायला हवं होतं की ही वाट मोडलीय, इथं थांबू नका. तळीयेच्या लोकांना कुणी तसं खोटं सांगून घराबाहेर काढलं असतं, तर त्याला पाप कोण म्हणालं असतं?

तरीही मी आबांसारखं खोटं सांगत नाही. कारण खोट्याची एक अडचण आहे. ते एकदाच चालतं. ती तीन पोरं पुढच्या साली उन्हाळ्यात आली असती, नाळ धड बघितली असती, तर वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या शब्दावर त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला नसता. आणि खरोखर दरड आली असती, तेव्हाही ठेवला नसता. खोट्यानं माणूस त्या दिवसापुरता थांबतो, पण त्याला खुणा कळत नाहीत. हल्ली पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे फलक लागतात, त्यांचंही तेच. मनाई असते, कारण नसतं. ज्याला कारण कळलं नाही, तो फलकाला वळसा घालतो.

म्हणून मी मधला मार्ग काढलाय. विचारलं तर सांगतो, "वाट माहीत आहे. पण चार महिने ती मी सांगत नाही. दिवाळीनंतर या, मी स्वतः बरोबर येतो." मग का सांगत नाही, तेही सांगतो. पाणी कसं येतं ते सांगतो. चुलतभाऊ अंगणात असला तर त्यालाच हाक मारतो. तो आपला गुडघा दाखवतो आणि हसत म्हणतो, "ह्यो बघा आमचा फलक." दिवाळीनंतर जे येतात, त्यांना मी नाळेत नेतो, खुणा दाखवतो, त्या गारव्यात थोडा वेळ गप्प बसवतो. ते दरी बघतात आणि मी त्यांच्याकडे बघतो. खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं.

गेल्या श्रावणात दोन पोरं आली होती. मी नाही म्हणालो, कारण सांगितलं. एक जण फुरंगटून म्हणाला, "राहू द्या काका, मोबाईलवर आहे सगळी वाट." निघाली. आंब्यापाशी ती क्षणभर थांबली आणि उजवीकडे गेली की डावीकडे, ते मला पावसात नीट दिसलं नाही. मी खुंटीवरचा दोर काढून ओट्यावर ठेवला. वाट सांगितली नाही, तरी वाट बघावी लागतेच.

साडेसहाला दोघं परत आली, चिखलानं माखलेली. घुमटीपर्यंत जाऊन धुकं बघून फिरली होती. काही बोलली नाहीत. बायकोनं तांब्या पुढे केला.